शीग

शुक्रवारी सकाळी सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर म्हापशाच्या गाडीसाठी जी माणसं उभी असतात, त्यांच्यापेक्षा त्यांच्या पिशव्या जास्त असतात. सगळ्या रिकाम्या. माझ्या सासूबाईंकडे त्या दिवशी एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा घडी घातलेल्या सहा होत्या. सातवी पिशवी म्हणजे मी.

मी घाटावरचा जावई. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा मासा कोणत्या बाजूने खायला सुरुवात करायची हे कळण्यात गेली, आणि पुढची पंचवीस ते कळलंय असं दाखवण्यात. निवृत्त झाल्यापासून मे महिन्यात आम्ही दोघं सावंतवाडीला येऊन राहतो. आंबे, फणस, दुपारची झोप, संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी, असा साधारण कार्यक्रम असतो. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सासूबाई अंगणात उभ्या राहून कपाळावर हात आडवा धरतात, आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "आगोट रवली." त्यानंतर घरात दुपारची झोप कोणालाच मिळत नाही.

आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची साठवण. आमच्याकडे देशावर तिला बेगमी म्हणतात. पण आमची बेगमी धान्याची. इथली आगोट सुक्या मासळीची, मिरचीची, मिठाची, चिंचेच्या गोळ्यांची आणि सोलांची. होड्या एकदा किनाऱ्यावर चढल्या की ताटात समुद्र यायचा तो या डब्यांमधूनच. गोव्यात याच खरेदीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आला, भूक इथलीच.

आता सावंतवाडीला स्वतःचा बाजार आहे, मंगळवारचा. कुडाळचा बुधवारी. पण सासूबाईंच्या मते मंगळवारचा बाजार भाजीपुरता, बुधवारचा लांबच्या लोकांचा, आणि आगोट भरायची ती म्हापशाच्या शुक्रवारीच. यामागे काही अर्थशास्त्र असेल असं मला सुरुवातीला वाटायचं. एकदा मी कागदावर हिशेब मांडून दाखवला, की गाडीभाडं धरलं तर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तिथे काही स्वस्त पडत नाहीत. सासूबाईंनी तो कागद शांतपणे वाचला आणि दुसऱ्या दिवशी त्यात आमसुलं बांधून शेजारी पाठवली.

त्यांचं वय त्र्याऐंशी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. पुढे तिकीट पडतं. ते पैसे त्या रुमालाच्या गाठीत वेगळे बांधून आणतात. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं, त्यामुळे हद्दीनंतर पैसे मोजायचे यात त्यांना काही वावगं वाटत नाही. परदेशात कोण फुकट नेतो? पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी गाडी आली की त्या खिडकीतून हात जोडतात. १५ ऑगस्ट १९५५ ला इथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. काही बोलत नाहीत. हात खाली घेतात आणि पिशव्या मोजतात. सहा भरल्या की माझ्याकडे बघतात.

म्हापसा या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. माप आणि सा. सा म्हणजे भरणं. माप भरायचं गाव ते म्हापसा. भाषाशास्त्रज्ञांपुढे ही कितपत टिकेल याची मला चिंता नाही. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या बाजारात उभं राहिलं की दुसरी कुठलीही व्युत्पत्ती खोटी वाटते. एरवीचा बाजार आपल्या चौकात, आपल्या ओळींत नीट बसलेला असतो. शुक्रवारी तो काठावरून सांडतो. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर, दोन उभ्या स्कूटरींच्या मध्ये जी वीतभर जागा असेल तिथे कोणीतरी गोणपाट पसरून बसलेलं असतं. बारदेशाच्या गावागावांतून, पेडण्याकडून, आमच्या बाजूच्या बांद्याकडूनही बायका आलेल्या असतात. कोणापुढे पन्नास नारळ, कोणापुढे पाच. एकीपुढे तर मी फक्त तीन पपया आणि एक कोंबडा पाहिला, आणि कोंबडा विकायचा नव्हता.

केळ्यांची एक अख्खी गल्लीच आहे. मोयराची जाडजूड केळी, सालदाटी, रसबाळी. पुढे चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, लालभडक माळा टांगलेल्या. तिथून सासूबाई पदर नाकाला लावून झपझप पुढे जातात आणि मी बुटाची नाडी बांधायला थांबतो. माझ्या बुटांना नाडी नाही हे त्यांना ठाऊक आहे. मग माडाच्या गुळाच्या काळ्या ढेपा, मीठ घालून वळलेले चिंचेचे गोळे, अबोलीचे वळेसर, कोयते, मातीची भांडी आणि पावांच्या टोपल्या. मेमध्ये या सगळ्यावर मानकुरादचा वास तरंगत असतो. हे नाव पोर्तुगीज ‘माल कोरादो’वरून आलं म्हणतात, म्हणजे धड रंग न चढलेला. गोव्यातल्या सगळ्यांत लाडक्या आंब्याचं नाव असं नापसंतीचा शेरा मारल्यासारखं आहे. हापूसचं नाव एका पोर्तुगीज सरदाराचं, आणि याला हा शेरा. तरी डझनाचा भाव याचाच जास्त असतो, एवढा न्याय बाजाराने केला आहे.

पहिल्या वर्षी मी मोठ्या आत्मविश्वासाने पुढे झालो होतो. चाळीस वर्षं पुण्याच्या मंडईत भाजी घेतलेला माणूस. मिरचीवाली दिसली. लहान चणीची, साठीची, केसांत अबोली, पुढे सुक्या मिरच्यांचा लालजर्द ढीग. मी उभ्याउभ्या विचारलं, "कशी दिली?" तिने भाव सांगितला. मी पुण्याच्या सवयीने तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "बरोबर बोला."

तिने माझ्याकडे वर पाहिलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं. मग ती शेजारणीशी कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलायला लागली. मी तिथे होतो की नव्हतो, याचा त्या लग्नावर काही परिणाम झाला नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "जावयबापू, तुमी काय एक बोलू नकात. पिशवी धरा." आणि त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. या वयात त्या अशा बसतात की जणू जमीनच थोडी वर आली. पहिली पाच मिनिटं मिरचीचा विषयच निघाला नाही. पाऊस लवकर दिसतोय, यंदा फणस झाले नाहीत, तुझ्या लेकीचं काय झालं, माझा गुडघा कसा आहे. मग एक मिरची उचलून मोडली, बिया बघितल्या, वास घेतला. मग भाव. तोच भाव, जो मला सांगितला होता. सासूबाईंनी ब्र न काढता तो मान्य केला. मला वाटलं, एवढंच होतं तर मी काय वाईट केलं? किलोभर मिरची काट्यावरून पिशवीत गेली. आणि पिशवीचं तोंड बंद न करता, उलट ते दोन्ही हातांनी आणखी रुंद करून, सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वायच वर घाल गो बाय."

मिरचीवालीने एक भली मोठी मूठ भरून वर टाकली. मग, कोणी न सांगता, आणखी अर्धी.

परतताना गाडीत मी याबद्दल विचारलं. सासूबाईंचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. "भाव कमी केलो तर ती रडता. वर मागला तर ती हसता." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेब करून बघितला तर दीड मूठ मिरचीची किंमत मी जेवढे पैसे कमी करून मागणार होतो त्याहून जास्तच भरली. पण आकडा हा मुद्दाच नव्हता. भाव पाडून मागणारा माणूस विकणाऱ्याला लहान करतो. तिचा माल तिने सांगितला त्या लायकीचा नाही असं म्हणतो. वर मागणारा तिला मोठी करतो. तू देणारी आहेस, मी घेणारा आहे, पदर पसरतोय, दे. आणि गोणपाटावर दिवसभर उन्हात बसलेल्या बाईला मोठं होण्याचे प्रसंग तसे फार येत नाहीत.

मात्र वर मागायचं तर आधी खाली बसावं लागतं. माझे गुडघे बसत नाहीत. म्हणून मला आयुष्यभर सगळं महाग पडत आलंय.

यंदा सुक्या सुंगटांच्या ओळीत जे झालं त्याने मला एकदम पन्नासेक वर्षं मागे नेलं. तिथल्या बाईकडे काटा नव्हता. तेलाचा जुना डबा कापून केलेलं माप होतं. तिने डबा सुंगटांच्या ढिगात खुपसला, भरला, वर ओंजळीने घातलं. सुंगटं सुकलेली, वाकडी, हलकी. ती काठावरून घरंगळायला लागली. आणि सासूबाईंनी चटकन पुढे होऊन आपले दोन्ही तळहात डब्याभोवती कुंपणासारखे धरले. घरंगळणारी सुंगटं त्या कुंपणाला अडली आणि डब्यावर चांगला चार बोटं उंच डोंगर उभा राहिला.

हे कुंपण मला माहीत होतं. ते माझ्या आजीचं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सोमवारी बाजार भरे. दशमान वजनं देशात १९५८ पासून आली, पण ती आमच्या बाजारापर्यंत चालत येत होती बहुतेक. सत्तरच्या आसपास मी आजीचं बोट धरून जायचो तेव्हाही बायकांच्या तोंडी चिपटं, मापटं, शेर, पायली हेच होतं. पाव शेराचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यापुढे मण, पण तो कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा पायल्यांचा. शाळेत मास्तर दशमान पद्धतीचं कौतुक सांगत की तीत फक्त शून्यं वाढवायची. आजीला शून्य वाढवून काही मिळतं हेच पटत नसे.

धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे. म्हणत ‘लाभ’. लाभ, मग दोन, मग तीन. एकचा आकडा बाजारात कोणी उच्चारायचाच नाही, असा काहीसा समज होता. मला त्यामुळे बरीच वर्षं वाटे की पहिल्या नंबराला लाभ म्हणतात. वर्गात पहिला आलेल्या मुलाला मी एकदा "लाभ आला" म्हणालो आणि मास्तरांनी माझा कान धरला.

मापाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या त्या धान्याच्या डोंगराला नाव आहे: शीग. काठाशी हात फिरवून सपाट केलं ते काठोकाठ माप. वर डोंगर ठेवून दिलं ते शिगेचं. उत्साह शिगेला पोहोचला असं वर्तमानपत्रवाले रोज लिहितात. निवडणुकीत प्रचार शिगेला पोहोचतो, क्रिकेटमध्ये उत्कंठा शिगेला पोहोचते. यातल्या किती जणांनी पायलीवर ज्वारीचा शेवटचा दाणा घरंगळतो की राहतो हे श्वास रोखून पाहिलं असेल? खरी उत्कंठा ती होती.

आजी बाजारात दोन्ही बाजूंनी असे. घरचा घेवडा आणि हरभरा विकायचा, आणि त्या पैशांत तेलमीठ, खोबरं, कधी माझ्यासाठी टोपी घ्यायची. विकताना तिचा तळहात मापावरून असा फिरे की काठाच्या वर एक दाणा राहू नये. अगदी सहज, घाम पुसल्यासारखा. आणि दहा मिनिटांनी तीच आजी दुसऱ्याची ज्वारी घेताना तोच तळहात मापाभोवती असा आडवा धरी की जगातली सगळी ज्वारी त्यावर उभी राहावी. तिला हे विसंगत वाटत नसे. गिऱ्हाईक जर हात धरायला विसरलं, तर त्यात आपला काय दोष? ज्याला शीग हवी त्याने कुंपण घालावं. मात्र कोणी खरोखरच दोन हात पुढे करून, "म्हातारे, घाल की वर," असं म्हटलं, की ती कुरकुरत, देवाचं नाव घेत, ओंजळभर घालायची. आणि घरी येऊन सांगायची तीही त्या ओंजळीचीच गोष्ट. विकल्या गेलेल्या दहा शेरांची कधी नाही.

आपल्याकडे हे सगळीकडेच पसरलंय म्हणा. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा घ्यायचा तो सव्वाच्या मापाने. आहेर शंभराचा नाही, एकशे एकाचा. एखाद्याची जिरवायची तरी शेरास शेर चालत नाही, सव्वाशेर लागतो. माझी बायको आमच्या घरात आली ती उंबऱ्यावरचं तांदळाचं माप ओलांडून. माझ्या आईने ते शिगोशीग भरलं होतं, आणि कोकणातली मुलगी पायाने हलकेच लवंडायच्या ऐवजी जरा जोरात लवंडून गेली. तांदूळ पार देवघरापर्यंत गेले. पुढे कित्येक दिवस कुठली तरी चटई उचलली की खाली दोन दाणे सापडायचे आणि आई म्हणायची, बरकत आहे.

आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले. पूर्वी दांडी मारणारे होते, पारड्याखाली चिंच चिकटवणारे होते, वजनाच्या जागी दगड ठेवणारे होते. त्या मानाने हे बरंच झालं, यात वाद नाही. पण त्या लाल आकड्यांनी माणसांना एक वेगळीच खोड लावली आहे. पुण्यात आमच्या कोपऱ्यावरचा तरुण भाजीवाला टोमॅटो तोलताना १.०३५ दिसलं की एक काढतो. मग ०.९६० दिसतं. मग तो ढिगात हात घालून, जवाहिऱ्यासारखा निरखून, नेमका लहानसा टोमॅटो शोधून ठेवतो. १.००५. मला वाटतं आता संपलं. तो पुन्हा हात घालतो. शेवटी जेव्हा एकावर तीन शून्यं उमटतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते बघून मला त्याला काही म्हणवत नाही. त्याला दुसऱ्याचं काही लुबाडायचं नसतं, फक्त आपलं काही जाऊ द्यायचं नसतं.

आणि सुट्टे पैसे गेले. हे नुकसान कोणी मोजलेलं नाही. दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चार मिरच्या, रुपया नाही म्हणून कोथिंबिरीच्या चार काड्या, आणि कढीपत्ता तर मागायचाही नाही, तो आपोआप पिशवीत पडायचा. अर्धी शीग या चिल्लरीच्या टंचाईतून जन्माला येत होती. आता मी फोन पुढे करतो, सत्तेचाळीस रुपये जातात, सत्तेचाळीसच पोहोचतात, आणि यंत्रातली बाई मोठ्याने तसं सांगते. कोणी कोणाचं काही देणं लागत नाही. मागच्या महिन्यात मी वर कढीपत्ता मागितला तर त्याने अत्यंत आदराने विचारलं, "दहाचा देऊ का, काका?"

म्हापशाला फोन चालत नाही असं नाही. सुंगटंवालीच्या डब्यालाही क्यूआर कोड चिकटवलेला होता, खारट हाताच्या डागांनी अर्धा पुसलेला. पण सासूबाई नोटा देतात. सकाळची पहिली विक्री असली तर बाई ती नोट कपाळाला लावते. भवानी झाली. फोन कपाळाला लावताना मी अजून कोणाला पाहिलं नाही. काही दिवसांनी तेही दिसेल.

यंदा माझी प्रगती झाली आहे असं वाटून सासूबाईंनी मला एकट्याला केळी आणायला पाठवलं. सालदाटी, एक डझन. मी वाटेत मनाशी सगळं घोकत गेलो: भाव पाडायचा नाही, लग्नाची चौकशी करायची, पिशवीचं तोंड रुंद ठेवायचं. बसता येत नव्हतं म्हणून निदान कमरेत वाकलो. केळेवाल्याला म्हणालो, यंदा पाऊस लवकर दिसतोय. तो म्हणाला, "कितें जाय?" मी घाबरून एकदम एक डझन म्हणालो, पैसे दिले, आणि मग धीर करून पिशवी उघडी धरून म्हणालो, "वायच वर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला. आणि खरंच एक केळं वर टाकलं.

मी जत्रेत बक्षीस लागल्यासारखा परत आलो. सासूबाईंनी पिशवीत हात घालून नेमकं तेच केळं बाहेर काढलं. एका बाजूने काळं, देठ तुटलेलं, मधे कोणाचं तरी बोट रुतलेलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "ह्यां वरचां न्हय. ह्यां उरलेलां." उरलेलं आणि वरचं यांत एवढा फरक आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ते केळं तिथेच उभ्याने खाल्लं. चांगलं गोड होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारी साडेबाराची गाडी. सहाच्या सहा पिशव्या भरल्या होत्या आणि सातव्याचे खांदे गळून आले होते. पूर्वी एकदा या परतीच्या प्रवासात आमची मोठी शोभा झाली होती. माडाच्या व्हिनेगरची बाटली सासूबाईंनी आणली ती विकणाऱ्याने जुन्या फेणीच्या बाटलीत भरून दिलेली. हद्दीवर तपासणी लागली. पोलिसाने बाटली वर काढली, माझ्याकडे ‘काय काका, या वयात’ अशा नजरेने बघितलं, बूच उघडून लांब श्वास घेतला, आणि मग बराच वेळ तो डोळे पुसत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तेव्हापासून व्हिनेगर सरबताच्या बाटलीत येतं. त्याचे परिणाम घरातल्या पाहुण्यांना भोगावे लागले, पण ते असो.

गाडीत मधल्या बाकावर आम्हाला जागा मिळाली. सुटता सुटता डोक्यावर रिकामी टोपली घेऊन एक बाई चढली. केसांत सकाळची अबोली, आता कोमेजलेली. आमची मिरचीवालीच. पेडणे तालुक्यातली, धारगळला उतरणारी. तिच्या बाजूच्या हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, असं मी वाचलेलं ज्ञान तिला सांगितलं. "जाय मू," ती म्हणाली, म्हणजे हवंच होतं ते. मग टोपली पायाशी ठेवून तिने पाय लांब केले. पहाटेपासूनचं बसणं संपलं होतं. दोघी बायका फणसाच्या विषयावर सकाळी मिरची घेताना जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू झाल्या.

कोलवाळचा पूल आला. खाली शापोरा नदी उन्हात नुसती चकाकत होती. सासूबाईंनी पिशव्यांच्या अगदी वर ठेवलेला पुडा काढला. खाजें. जत्रेत मिळतं ते, गुळात आणि आल्यात घोळवलेल्या बोटभर कांड्यांचं. ते माझ्या बायकोसाठी घेतलेलं होतं, पुडा घरापर्यंत न फोडण्याच्या अटीवर. त्यांनी तो फोडला, एक मूठ भरली आणि मिरचीवालीपुढे धरली. "खा गो."

"नाका गो आये," असं म्हणत तिने हात पुढे केला. मूठ तिच्या तळहातावर रिकामी झाली. चार-पाच कांड्या असतील. तिने त्या पाहिल्या. मग सासूबाईंच्या मांडीवरच्या पुड्याकडे पाहिलं, जो अजून चांगला फुगलेला होता. कंडक्टर पुढून ओरडला, धारगळ. ती उठायची घाई करेना.

"इल्लें आनी," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्या वर्षी मी जसा मिरचीच्या ढिगासमोर उभा होतो, तसा क्षणभर त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी पुड्यात पुन्हा हात घातला, आणि मी पाहिलं, समोरच्या बाईने आपला दुसरा तळहात पहिल्या तळहाताभोवती आडवा, कुंपणासारखा धरला होता.